सांगाडा धुरीचा, इंजिन लालजीचं

पेपरात आतल्या पानावर बातमी होती. परदेशात उघड्या चाकांच्या, एकट्या माणसाने बसायच्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्यांत त्या वर्षी एक जोडी जमली होती. गाडीचा सांगाडा एका इंग्लिश कंपनीचा आणि इंजिन एका जपानी कंपनीचं. या जोडीने वर्षभरातल्या एक सोडून सगळ्या शर्यती जिंकल्या होत्या. मी बातमी कापून पर्समध्ये ठेवली, आणि पुढच्या रविवारी धुरीमामा मुलुंडच्या बसस्टॉपवर भेटले तेव्हा त्यांना वाचून दाखवली. बारीक अक्षर त्यांना तेव्हा दिसेनासं झालं होतं. मला वाटलं होतं, ऐकून खूश होतील.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग बाकीचे काय करीत होते गो?"

"हरत होते."

"वर्षभर?"

"हो."

"दमले असतील," मामा म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या बसचा नंबर ओळखायला दोन पावलं पुढे झाले.

शांताराम धुरी आमच्या कंपनीत वेल्डर होते. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी दूध साठवायच्या मोठ्या स्टीलच्या टाक्या बनवायची. मी वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, एवढंच काम. खाली शेडमध्ये पंचवीसेक वेल्डर होते, त्यांत धुरीमामा सगळ्यांत हळू. सुपरवायझर त्यांच्यावर कायम वैतागलेला असे. जोड करायच्या आधी ते दोन पाइपांसमोर उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. लग्नासाठी मुलगी बघायला आलेला माणूससुद्धा इतकं बघत नाही, असं शेडमध्ये म्हणायचे. मात्र एकदा गॅसची नळी पेटवली की हात उचलायचा नाही. आणि जोड थंड झाल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, फक्त अंगठा फिरवायचा. "डोळो फसता," ते म्हणायचे, "आंगठो नाय." त्यांची टाकी कधी गळून परत आल्याचं माझ्या आठवणीत नाही. त्यामुळे सुपरवायझर वैतागायचा आणि गप्प बसायचा.

मालवणकडचे. वडील गिरणीत होते. मामा स्वतः बायकोबरोबर जोगेश्वरीच्या एका चाळीत दोन खोल्यांत राहायचे. मूलबाळ नव्हतं. डब्यात सुका बांगडा असला की आपणहून उठून शेडच्या टोकाला जाऊन बसायचे, कुणी सांगायच्या आधी. बोलणं कमी. "कंटाळा आला" हे वाक्य मात्र दिवसातून चार वेळा. सकाळी सात वाजता पंच करताना पण तेच. त्यात तक्रार नसायची. दुसरा माणूस "राम राम" म्हणतो तसं ते "कंटाळा आला" म्हणायचे.

आणि या माणसाला गाडी लागायची. टॅक्सीत बसले की पवईपर्यंत जायच्या आत तोंडाला रुमाल. बसमध्ये खिडकीशीच बसायचे, मुठीत लिंबू. शर्यतीच्या गाड्या बांधणारा माणूस, पण मी त्यांना एकदाही त्यांच्या गाडीत बसलेलं पाहिलं नाही. "बसायचं काम रॉनीचं," म्हणायचे.

रॉनी डिमेलो मरोळ गावठाणातला. विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचा. तिशीचा, हसरा, आधी मोटरसायकलींच्या शर्यतीत दोनदा हात मोडून घेतलेला. त्याने कुणाकडून तरी शर्यतीची एक जुनी मोडकी गाडी आणली आणि सांधायला मामांना बोलावलं. मामांनी तासभर ती बघितली. मग म्हणाले, "हे सांधण्यात अर्थ नाय. नवी बांधूया." रॉनीला वाटलं थट्टा करतायत. मामांना थट्टा येत नव्हती.

रॉनीच्या वडिलांचा आरे कॉलनीच्या हद्दीला लागून म्हशींचा गोठा होता. म्हशी विकून झाल्या होत्या, गोठा रिकामा होता. तिथे हे दोघं पहिली पाळी सुटल्यावर आणि रविवारी काम करायचे. मामांना कागदावर चित्र काढता येत नसे. त्यांनी गोठ्याच्या सिमेंटच्या जमिनीवर खडूने अख्खी गाडी काढली, खऱ्या मापाची, वरून एक आणि बाजूने एक. माप टेपने नाही, सुतळीने. एका सुतळीला गाठी मारलेल्या. कुठली गाठ कशाची, ते त्यांनाच ठाऊक.

एक दिवस ते ड्रॉइंग ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. खालचे लोक वर सहसा येत नसत. चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"बाय, एक काम होतं. म्हस बसली."

"कुठे?"

"गाडीवर."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. कुणाची तरी म्हैस चरत चरत गोठ्यात शिरली होती, जुन्या सवयीने तिने जमिनीवर बसकण मारली आणि उठताना दोन महिन्यांची गाडी पुसून गेली. मामांनी पुन्हा खडू घेऊन ती काढली, पण आता त्यांना भीती बसली होती. "तू कागदावर घे. म्हस कागदावर बसत नाय."

मी पंचवीस वर्षांची होते, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असायची आणि घरी आईने माझ्या लग्नाचा विषय रोजचा करून टाकला होता. मी गेले. चार शनिवार दुपारी त्या गोठ्यात जमिनीवर बसून मी खडूच्या रेघा मोजल्या आणि कागदावर उतरवल्या. मामा शेजारी बसून सांगायचे, ही नळी पाऊण इंचाची, ही एक इंचाची, इथे त्रिकोण हवाच. सगळे त्रिकोणच होते. मी विचारलं, चौकोन कुठेच का नाही? त्यांनी चार काड्या दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "दाब." चौकोन आडवा पडला. मग तीन काड्या दिल्या. तो त्रिकोण मी कितीही दाबला तरी हलला नाही. कॉलेजात दोन वर्षं शिकून मला जे समजलं नव्हतं ते तिथे समजलं.

इंजिन टॅक्सीचं. रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत असतं तेच. तेव्हाच्या शर्यतीत नियमच तसा होता की इंजिन देशी गाडीचं हवं. तेच इंजिन सगळ्यांकडे, पण सगळ्यांकडे लालजीभाई नव्हते.

लालजीभाई कच्छी. मुलुंडला पश्चिमेकडे त्यांचं दुकान होतं. ट्रकांची, टॅक्सींची इंजिनं तिथे बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कापून नीट करून घ्यायला, यायची. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, आणि शर्टावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही. एक भलं मोठं बोअरिंग मशीन, एक लाकडी बाकडं, भिंतीवर देव, खाली उदबत्ती. त्यांना इंजिनात फार काही बदलायला आवडायचं नाही. जे आहे ते बरोबर करायचं. चारही सिलिंडर केसभराचाही फरक न ठेवता सारखे, प्रत्येक वजन तोलून सारखं. "कंपनीने बनवला तो चांगलाच छे," ते म्हणायचे. "पण कंपनीला घरी जायचा घाई होता. मला नाय."

मामा आणि लालजीभाई यांचं पहिलं भांडण मी ऐकलं आहे. बाकी सगळे लोक गाडीच्या मागच्या भागात पाइपांचा पाळणा करायचे आणि त्यात इंजिन ठेवायचे. मामांना तो पाळणाच नको होता. त्यांचं म्हणणं, इंजिन एवढं जाड लोखंडाचं, ते पाळण्यात झोपवून का न्यायचं? त्यालाच हाड बनवू. सांगाडा इंजिनापाशी संपेल, आणि मागची चाकं इंजिनाच्या आधाराने उभी राहतील. अर्ध्या नळ्या वाचतील, गाडी हलकी होईल.

लालजीभाईंनी मान हलवली. "धुरी, माझा इंजिन पळेल. हमाली नाय करेल."

"घरातला मोठा मुलगा करत नाय हमाली?"

"तुझ्या घरात करत असेल. लोखंड फाटेल."

तीन रविवार तेच. मामा सुतळी घेऊन समजावत राहिले, लालजीभाई मान हलवत राहिले. चौथ्या रविवारी लालजीभाई मुलुंडहून बसने स्वतः गोठ्यावर आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जाड पोलादी प्लेटा त्यांनी खाली ठेवल्या. एक इंजिनाच्या पुढे लावायची, एक मागे. भोकं पाडलेली, कडा घासलेल्या. सगळा भार या प्लेटांवर येणार आणि इंजिनाच्या चारी बाजूंनी सारखा वाटला जाणार, अशी त्यांनी युक्ती केली होती. "आता ठेव तुझा वजन," ते म्हणाले. मामांनी प्लेटेच्या कडेवरून अंगठा फिरवला.  त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी लालजीभाईंना दिली, आणि लालजीभाईंनी, भाकरीला बांगड्याचा वास होता तरी, खाल्ली.

शर्यती मद्रासजवळ एका जुन्या विमानांच्या धावपट्टीवर व्हायच्या. गाडी ट्रकने जायची, माणसं रेल्वेने. पहिल्या वर्षी रॉनी दुसरा आला. दुसऱ्या वर्षी तीनही शर्यती जिंकला. त्यानंतर हे कुणाला थांबवता आलंच नाही. लोक लालजीभाईंकडून इंजिन करून घ्यायला मुलुंडला यायचे. ते सगळ्यांना करून द्यायचे, काही लपवायचे नाहीत. पण ते इंजिन पाळण्यात ठेवलं की नेहमीसारखंच पळायचं. एकाने मामांच्या सांगाड्याची नुसती बघून नक्कल केली. त्याच्या इंजिनाचं लोखंड दुसऱ्या फेरीत तडकलं, कारण प्लेटांची युक्ती त्याला कळली नव्हती. लालजीभाई हसून म्हणायचे, "आम्ही दोघा एकच पाकीटमधी मिळतो. सुट्टा नाय."

सोमवारी सकाळी मामा कामावर आले की शेडमधले लोक विचारायचे, काय झालं? "जिंकलो." लोक पाठीवर थाप मारायचे. मामा म्हणायचे, कंटाळा आला, आणि नळी पेटवायचे.

चौथ्या वर्षी मात्र मला त्या "कंटाळा आला"मध्ये काही वेगळं ऐकू आलं. मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेले. मामा शेडच्या टोकाला बसले होते, डबा उघडाच, हात लावलेला नाही.

"मामा, हरलात की काय?"

"जिंकलो."

"मग?"

"पाच गाड्या होत्या, बाय. मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा अकरा होत्या."

मग त्यांनी सुब्रमणीची गोष्ट सांगितली. हा कोइमतूरचा मेकॅनिक. दरवर्षी आपल्या गावची पोरंटोरं, भाऊ, मेहुणे असे आठ-दहा लोक घेऊन यायचा, स्वतः बांधलेली निळी गाडी घेऊन. शर्यतीत पडेल ते काम सगळे मिळून करायचे, मोठ्या पातेल्यात भात शिजवायचे आणि शेजारच्यांनाही वाढायचे. मामांनाही त्यांनी दरवर्षी वाढलं होतं. या वेळी शर्यत संपल्यावर तो मामांकडे आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाईसाब, अगले साल हम नहीं आएगा." मामांनी विचारलं, का? तो म्हणाला, "घर में पूछता है, किसलिए जाता है? मैं बोलता हूँ, तीसरा आने के लिए. सब हँसता है."

"रागावला होता का?" मी विचारलं.

"रागावला असता तर बरं झालं असतं. हात जोडले त्याने. तुमची गाडी अच्छी है म्हणाला." मामा डब्याकडे बघत होते. "पुढच्या वर्षी तीन येतील. मग रॉनी एकटाच फिरेल गोल गोल. आपण जिंकतोय, बाय, पण शर्यत मरतेय. ती मेल्यावर कशात जिंकणार?"

 मला वाटलं, दमलेल्या माणसाचं बोलणं आहे, दोन दिवसांत विसरतील.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा चपला काढून दारात उभे.

"तो कागद आहे ना आपला? त्याच्या पाच कॉप्या पाहिजेत."

कागद म्हणजे अख्खी गाडी, प्रत्येक नळी आणि प्रत्येक त्रिकोण. आणि उजव्या कोपऱ्यात, मोठ्या मापात, लालजीभाईंच्या दोन प्लेटा, भोकांच्या मापासकट. त्याही मीच काढल्या होत्या.

"कुणासाठी?"

"सुब्रमणीला एक. बाकीच्या चौघांना, सोडून गेलेला एक धरून."

"मामा, सांगाडा तुमचा आहे, तुम्ही तो वाटा नाहीतर जाळा. प्लेटा लालजीभाईंच्या आहेत. त्यांना विचारलंत?"

त्यांनी उंबऱ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"विचारलं आणि नाय म्हणाला तर?"

"तर नाही द्यायच्या."

"प्लेटांशिवाय सांगाडा दिला तर त्यांची इंजिनं फुटतील. माणूस मरेल एखादा." मग हळूच म्हणाले, "तू नको म्हणत असशील तर राहू दे. मी खडूने काढून पाठवतो."

खडूने कशावर काढणार होते कुणास ठाऊक. मी त्या संध्याकाळी अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन पाच अमोनिया प्रिंट काढून आणल्या. वास बोटांना दोन दिवस होता. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कारण मला मामांचं पटलं होतं आणि लालजीभाई काय म्हणतील याची मलाही भीती वाटत होती. भीती वाटते ते काम न विचारता उरकून टाकायची सवय मला तेव्हाही होती.

पुढच्या मोसमाला मामांची बायको, आमच्या धुरीवहिनी, म्हणाल्या, एकदा मलाही बघायचंय हे काय आहे ते. पुरुषांत एकटी बाई नको म्हणून मलाही ओढलं. रजा टाकून मी गेले. लालजीभाई आणि रॉनी आधीच पुढे गेले होते. रेल्वेत वहिनींनी दोन दिवस पुरेल एवढं खाणं घेतलं होतं आणि मामांसाठी लिंबांची पिशवी.

धावपट्टीवर ऊन असं होतं की डांबर लोण्यासारखं वाटत होतं. कडेला मातीने भरलेले पिंप लावलेले. वहिनींनी पदराची दोन टोकं कानांत कोंबली. मग गाड्या एकामागून एक रांगेत येऊ लागल्या. मी मोजत होते. सहा, सात, नऊ. मामा मोजत नव्हते, नुसते बघत होते, अगदी नळ्या जोडायच्या आधी बघायचे तसे. तेरा गाड्या उभ्या राहिल्या. आमची सोडून त्यांतल्या पाच गाड्यांच्या मागे पाळणा नव्हता. रंग निराळे, पण हाडं तीच. सुब्रमणीची निळी गाडी पहिल्या रांगेत होती आणि त्याचे भाऊ-मेहुणे पिंपांवर चढून ओरडत होते.

वहिनी म्हणाल्या, "आपली खंयची हो?"

मामांच्या तोंडावर मी असं हसू कधी पाहिलं नव्हतं. "सगळीच आपली गो," ते म्हणाले.

लालजीभाई आमच्या मागे दोन हातांवर उभे होते. त्यांना मालवणी येत नव्हती, पण एवढं कुणालाही कळलं असतं. मी मागे वळले तेव्हा ते मामांकडे नाही, त्या निळ्या गाडीकडे बघत होते.

शर्यत फार सुंदर झाली. मला त्यातलं काही कळत नसूनही मी उभी राहून ओरडले. चार गाड्या शेवटच्या फेरीपर्यंत एकमेकींना चिकटून होत्या. सुब्रमणीची निळी गाडी जिंकली. रॉनी चौथा आला. हेल्मेट काढून तो लालबुंद तोंडाने पळत आला आणि मामांना मिठी मारून म्हणाला, "क्या रेस झाली यार, मामा! चार वर्षांत पहिल्यांदा मला गाडी चालवायला लागली!"

तोपर्यंत लालजीभाई चालत त्या निळ्या गाडीपाशी पोचले होते. पांढऱ्या लेंग्यात ते गुडघे टेकून डांबरावर बसले आणि मान वाकवून खालून बघितलं. सुब्रमणीला वाटलं, अभिनंदन करायला आलेत. तो त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उठले, गुडघ्याला डांबराचा काळा डाग, आणि परत आमच्याकडे आले.

"धुरी, प्लेट माझा आहे."

मामांनी होकाराची मान हलवली.

"तू दिला?"

"मी दिला."

लालजीभाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर आम्हांला सगळ्यांना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तू एक वार विचारला असता ना, तर मी दिला असता. मी कोणाला 'नाय' बोललो नाय कधी. तू विचारलाच नाय."

मी मध्ये बोलायला हवं होतं. प्रिंट मी काढल्या, एवढं तरी सांगायला हवं होतं. मी वहिनींचा हात धरून उभी राहिले.

परतीच्या प्रवासात लालजीभाई दुसऱ्या डब्यात बसले. वहिनींनी त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेल्या दशम्या तशाच जोगेश्वरीला परत आल्या.

पुढचं फार भराभर झालं. रॉनी नोकरीसाठी मस्कतला गेला. गोठ्याच्या जागी सोसायटी उभी राहायला लागली. शर्यत मात्र जगली. सुब्रमणीचं दिवाळीला पत्र यायचं, कधी चौदा गाड्या, कधी पंधरा. मामा ते पत्र माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि पुन्हा पाकिटात घालायचे. मग आमची कंपनीच बंद पडली. टाळं लागलं तेव्हा माझं लग्न होऊन मी मुलुंडला राहायला गेले होते. मामांना पन्नाशीत दुसऱ्या कंपनीत कोण घेणार? ते खिडक्यांच्या ग्रिल बनवायला लागले. मालाडला, बोरिवलीला इमारतींवर इमारती होत होत्या, ग्रिलला मरण नव्हतं. त्यांत मामा त्रिकोण घालायचे. लोक म्हणायचे, नक्षी छान आहे.

दर रविवारी ते जोगेश्वरीहून दोन बसगाड्या बदलून मुलुंडला यायचे. लालजीभाईंच्या दुकानात, बाकड्यावर बसायचे. लालजीभाई त्यांच्याशी बोलायचे नाहीत. हाकलायचेही नाहीत. मशीन चालू असायचं, मामा तासभर बसायचे, मग उठून स्टॉपवर यायचे. मला ते स्टॉपवरच भेटायचे.

"कशाला जाता?" एकदा मी विचारलं.

"चूक माझी. मग जायला माझ्याशिवाय कोण जाणार?"

"माफी मागितलीत ना?"

"मागितली. पहिल्याच रविवारी. तो ऐकून मशीनवर गेला."

"मग अजून किती दिवस जाणार?"

"मला रविवारी दुसरं काम नसतं," म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते, ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर धरायची काळी काच नीट नसायची. मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं. "बघू" म्हणाले. बस आली.

असं दोन वर्षं चाललं. मी त्या दुकानावरून कितीदा तरी गेले, पण नेहमी समोरच्या फुटपाथने. एका रविवारी दुपारी मात्र मी ठरवलं की पुरे झालं. लालजीभाईंना सांगायचं, धुरीमामा एकटे नव्हते, प्रिंट मी काढल्या, प्लेटा मीच गिरवल्या, आणि मामांना मी 'विचारा' म्हणाले, पण स्वतः येऊन विचारलं नाही. वाक्यं मनात जुळवत मी रस्ता ओलांडला.

दुकान उघडं होतं, पण मशीनचा आवाज नव्हता. मला वाटलं, वीज गेलीय. आत पंखा चालू होता.

मामा बाकड्यावर आडवे झाले होते, गुडघे पोटाशी, तोंड थोडं उघडं. ग्रिलच्या कामाने काळे पडलेले हात डोक्याखाली. इतकी गाढ झोप मी मोठ्या माणसाला लागलेली पाहिली नव्हती. कुणीतरी पंख्याची मान त्यांच्याकडे वळवली होती. डोक्याखाली हातांवर घडी घातलेला पांढरा टॉवेल होता.

मी तोंड उघडलं, "लालजीभाई, त्या प्रिंट..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग जवळ येऊन अगदी कुजबुजत म्हणाले, "माहीत छे. सुब्रमणीचा कागदवर अक्षर तुझा होता. नंतर बोलू. आता जा."

मी पायरीवरून खाली उतरले आणि वळून पाहिलं. लालजीभाई मशीनपाशी गेले नाहीत. तिथे एका ट्रकचं इंजिन अर्धं बोअर करून तसंच थांबलेलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली नाही, उचलून आणून ठेवली, आणि मांडीवर एक लोखंडाचा तुकडा घेऊन हातानेच, कानशीने, आवाज होणार नाही इतक्या हळू घासायला सुरुवात केली.